आडवी बाटली

बाबांनी दुसरा ग्लास उचलला तेव्हा आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, आणि मग तो काढलाच नाही.

ग्लास तसे लहान होते. खोकल्याच्या औषधाचा डोस मावेल त्याहून थोडे मोठे. एका लाकडी फळीला सहा खाचा, खाचांत सहा ग्लास आणि प्रत्येकात वेगळ्या रंगाची बिअर. पिवळी, गढूळ पिवळी, तांबूस आणि अगदी कडेची तर काढ्यासारखी काळीकुट्ट. समोर बसलेले दिलीपराव जाचक एकेका ग्लासावर बोट ठेवून ओळख करून देत होते, बारशाला पाळण्यातलं बाळ दाखवावं तसे.

"ही गव्हाची. ही इंद्रायणी तांदळाची, आपल्या मावळातली. ही कोकमाची. गुरुजी, तुम्ही ही घ्या. अगदी सौम्य. ताकच समजा."

"ताकच म्हणायचं," बाबा म्हणाले, आणि प्यायले.

शेजारच्या टेबलावरच्या कुणाला यात काही वाटायचं कारण नव्हतं. शनिवारची दुपार होती, बाणेरच्या पुढं टेकडीच्या पोटाशी बांधलेली ती ब्रुअरी माणसांनी भरली होती आणि सगळेच काही ना काही पीत होते. पण माझे वडील म्हणजे खराडे गुरुजी. कऱ्हाडच्या पुढं डोंगरात आमचं सोनगिरवाडी गाव आहे. तिथल्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात दारूविरुद्ध भाषणं केली. गावातलं देशी दारूचं दुकान बंद झालं ते बायकांच्या मतदानानं. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्या गावानं बाटली आडवी केली आणि तेव्हापासून तालुक्यात बाबांना 'आडव्या बाटलीचे गुरुजी' म्हणू लागले. हे नाव त्यांना इतकं आवडायचं की कुणाच्या लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थितीत त्यांचं नाव असलं, तर ते कंसात तेही छापायला सुचवायचे. धाकट्या मामाच्या साखरपुड्यात मंडपामागं कुणीतरी पितंय असं कळल्यावर ते भरल्या ताटावरून उठले होते. आणि उठताना सगळ्यांना दिसेल अशा बाजूनं उठले होते.

आम्ही तिथं आलो होतो माझ्या लग्नासाठी. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. स्थळ वधू-वर मंडळातून आलं होतं. ऋतुराज जाचक, अन्नतंत्रज्ञानाचा बी.टेक., पुढं दोन वर्षं जर्मनीत, आणि व्यवसाय 'कृषिप्रक्रिया उद्योग'. कृषिप्रक्रिया म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं टोमॅटोचा सॉस आला. आईच्या पापड आले. बाबांच्या काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या भेटीला मुलाचे वडील दिलीपराव एकटेच गावी येऊन गेले. घर पाहिलं, चहा घेतला, आणि बाबांबरोबर सकाळभर डोंगराकडं फिरून आले. "आता तुम्ही पुण्याला या," जाताना म्हणाले. "आमच्या युनिटवरच जेवण करू."

युनिटच्या दारात बैलगाडीचं चाक उलटं टांगलं होतं आणि त्याच्या आऱ्यांना दिवे लावले होते. आत भिंतींवर सुपं, चाळण्या, रव्या. एका काचेच्या पेटीत पाटा-वरवंटा ठेवून त्यावर वरून उजेड सोडला होता. आई पेटीपुढं थांबली, वाकून बघितलं.

"टाकी लावलेली न्हाई ह्याला, नुसता गुळगुळीत दगड," ती म्हणाली. "ह्यावर मिरचीसुदीक वाटायची न्हाई."

"ते शोसाठी आहे, ताई," संध्याताई, म्हणजे मुलाची आई, प्रेमानं म्हणाल्या.

भगवा फेटा बांधलेला वेटर आला. मेनूत 'ठेचा फ्राइज' होते आणि 'पिठलं शॉट' नावाचं काहीतरी होतं. शेजारी बसलेला एक दाढीवाला माणूस ग्लास नाकाशी धरून बायकोला सांगत होता, "हिच्यात मला ओल्या मातीचा फील येतोय." आईनं मान लांब करून त्याच्या ग्लासाच्या तळाशी गाळ आहे का ते पाहिलं.

कृषिप्रक्रिया म्हणजे काय ते कळायला मला दार ओलांडेपर्यंतचाच वेळ लागला. मी खुर्चीवर बसले ती पर्स मांडीवर धरूनच. आता बाबा उठणार, आणि भरपूर लोक बघत असल्यामुळं फारच जोरात उठणार, याची मला खात्री होती. मला ऋतुराजचीच दया येत होती. बिचारा शर्ट इस्त्री करून आला होता.

बाबा उठले नाहीत. त्यांनी छताकडं पाहिलं, टाक्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हेही एक प्रकारचं संशोधनच म्हणायचं."

मग ती फळी आली. मग पहिला ग्लास, तो "पाहुणचाराचा अव्हेर नको" म्हणून. मग ताक.

आईनं लिंबू सरबत मागवलं होतं. मी माझ्यापुढच्या फळीवरचे ग्लास नुसते हुंगत होते, कारण दूध संघात काही हुंगल्याशिवाय खाली ठेवायचं नाही अशी सवय लागलेली. चौथ्या ग्लासापाशी मी थांबले. पुन्हा हुंगला. मग जिभेला लावून पाहिला.

"स्वप्नाली," बाबा म्हणाले. तीन ग्लास रिकामे केल्यावरही त्यांचा वर्गातला आवाज शाबूत होता.

"हिला लोण्याचा वास येतोय," मी म्हणाले.

"तीच तर गंमत आहे," दिलीपराव हसले. "कॅरॅमल नोट. लोक खास हीच मागतात."

तोवर मान खाली घालून बसलेल्या ऋतुराजनं वर पाहिलं. "कसला वास म्हणालात?"

"लोण्याचा. आमच्या संघात लोण्याला विरजण लावतात, त्याला असाच येतो. तिथं तो हवा असतो. इथं हवा असतो का?"

"नाही," तो म्हणाला. "टाकी दोन दिवस आधी थंड केली. यीस्टला तो वास परत खाऊन टाकायला वेळच मिळाला नाही. मी थांबा म्हणत होतो."

"शनिवार थांबतो का," दिलीपराव म्हणाले, आणि बाबांपुढं त्यांच्या फळीवरचा चौथा ग्लास सरकवला. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कॅरॅमलच."

ऋतुराज मला टाक्या दाखवायला घेऊन गेला. दोघांच्या आयांनी एकमेकींकडं पाहिलं, म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमातला मुलगा-मुलगी एकांतात बोलण्याचा भाग तो हाच, असं सगळ्यांनी धरून चाललं. काचेच्या दारामागं स्टीलच्या उंच टाक्या होत्या, जमीन ओली होती आणि घुगऱ्या शिजवल्यासारखा वास भरून राहिला होता. इथं चाक नव्हतं, सुपं नव्हती. कोपऱ्यात एक साधं टेबल आणि सूक्ष्मदर्शक. त्यानं काचेवर एक थेंब टाकला, निळा रंग मिसळला आणि मला बघायला सांगितलं. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या रंग आत घेत नाहीत. दूध संघात दुधाची परीक्षा मी ह्याच निळ्या रंगानं करायचे.

"किती मेल्यात?" त्यानं विचारलं.

"शंभरात नऊ-दहा."

"मी सात मोजल्या होत्या."

"मग पुन्हा मोजा."

त्यानं खरंच पुन्हा मोजल्या. अकरा भरल्या. तो रागावला नाही. वहीत सात खोडून अकरा लिहिले. त्याच्यापाशी बोलायला दुसरं काही नव्हतं, छंद नाहीत, सिनेमा नाही, 'तुमच्या अपेक्षा काय' नाही. पाऊण तास आम्ही फक्त यीस्टवर बोललो. कबूल करते, त्या पाऊण तासात मी मनातल्या मनात पुण्यात भाड्यानं घर घेतलं होतं आणि ओटा कुठल्या भिंतीला हवा तेही ठरवलं होतं. बाबांनी तत्त्व गुंडाळून ठेवलं ते माझ्यासाठी, असंही मी स्वतःला समजावलं होतं. बापाचं काळीज वगैरे. डोळ्यांत थोडं पाणीसुद्धा आलं होतं.

"तुमच्याकडचं पाणी फार उत्तम आहे," तो म्हणाला. "मी तपासलंय."

"आमच्याकडचं?"

"सोनगिरवाडीच्या झऱ्याचं. तुमच्या वडिलांनीच बाबांना कॅन भरून दिला होता. क्षार इतके कमी की मला दोनदा तपासावं लागलं. मोठं युनिट तिथंच होणार ना, झऱ्याखालच्या गायरानात." माझा चेहरा बघून तो थांबला. "ग्रामसभेची ना-हरकत लागते. ती गुरुजी करून देणार आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आणि बायोडाटात कृषिप्रक्रिया उद्योग लिहिलं होतं, ते?"

"मी ब्रुअरीच लिहिलं होतं. तुमच्या वडिलांनी फोन करून बदलायला सांगितलं. शब्द त्यांचाच आहे." तो जरा विचार करून म्हणाला, "चुकीचा नाहीये तसा."

डोळ्यांतलं पाणी आपोआप आटलं.

आम्ही परत आलो तेव्हा बाबांची फळी रिकामी होती आणि बाबांचे कान लाल झाले होते. ते कागदी रुमालावर पेनानं लिहीत होते. रुमाल फाटत होता, ते दुसरा घेत होते. दिलीपराव कौतुकानं बघत होते.

"दारू हा शब्दच येता कामा नये," बाबा म्हणत होते. "बिअरही नको. ऐका. 'ग्रामस्थांच्या सर्वांगीण उन्नतीकरिता, स्थानिक जलस्रोत व धान्य यांवर आधारित पेयप्रकल्पास ही ग्रामसभा एकमुखाने…'"

"वा," दिलीपराव म्हणाले. "एकमुखाने हा शब्द मला सुचलाच नसता."

"म्हंजे दारूचा कारखाना," आई म्हणाली.

बाबा हसले, न समजणाऱ्या मुलाकडं बघून हसायचे तसे. "मालन, अगं, ही दारू नव्हे. ही हस्तकला आहे."

"क्राफ्ट, ताई," दिलीपरावांनी दुरुस्त केलं. "आणि चाळीस पोरांना काम मिळेल गावात."

आईनं माझ्यापुढचा ग्लास घेतला. तो लोण्याच्या वासाचाच होता. तिनं पदर सावरला, एक मोठा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. आमच्या घरात कुणी बाई असं करताना मी पाहिलं नव्हतं. बाबांचं पेन हवेतच राहिलं.

"वाईट न्हाई," आई म्हणाली. "फाटक्या ताकात साखर घातल्यागत हाय. पर ठराव व्हायचा न्हाई."

"ताई, गुरुजींच्या शब्दाबाहेर गाव नाही, असं ऐकलंय आम्ही."

"गाव नसंल. बाया हायेत." ती दिलीपरावांकडं बघत होती, बाबांकडं नाही. "चारशे अकरा बायांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. एकेकीच्या दारात मी गेलीया. दोन म्हयनं. हिराबाईच्या नवऱ्यानं माझ्यावर कुऱ्हाड उगारली, तवा हे कऱ्हाडात भाषण करत व्हते. मतदानादिवशी बाळंतीण झालेली शेवंता बाजेवरनं उठून आली. का, तर मी येऊन सांगितलं म्हणून. तिला जाऊन आता काय सांगू? आडवी केलेली बाटली उभी कर, आमच्या पोरीचं लगीन जमतंय?"

"मालन, पाहुण्यांसमोर," बाबा हलक्या आवाजात म्हणाले.

"पाव्हण्यांम्होरंच बोलते. घरी तुम्ही बोलू देत न्हाई."

दिलीपराव खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा पाहुणचार जाग्यावरच होता, फक्त थोडा घट्ट झाला. संध्याताईंनी घाईघाईनं सगळ्यांपुढं ठेचा फ्राइज सरकवले. "व्यवहाराचं व्यवहाराच्या जागी," त्या म्हणाल्या. "मुलांचं वेगळं ठेवू या ना. मुलांनी एकमेकांना पसंत केलं असेल तर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाबांच्या नजरेत तर चक्क विनवणी होती. आईनं मात्र खाली पाहिलं. या वेळी तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मी ऋतुराजला विचारलं, "ठराव झाला नाही, तर?"

त्यानं विचार केला. मघाशी पेशी मोजताना केला होता तसाच, मन लावून, कपाळाला आठी घालून. वेटर येऊन रिकामी फळी घेऊन गेला तरी त्याचा विचार चालूच होता.

"बाबांना विचारावं लागेल," तो म्हणाला.

तो खोटं बोलला असता तर मी बहुधा हो म्हटलं असतं. नुसतं "तरी चालेल" म्हणाला असता तरी पुरलं असतं. पण सातचे अकरा करणाऱ्या माणसाला थाप कशी मारता येणार. मी पर्स उचलली. जेवण यायचं होतं, पण कुणी थांबा म्हटलं नाही.

स्वारगेटवरून कऱ्हाडची एस.टी. मिळाली. आई आणि मी एका बाकावर बसलो, बाबा दोन बाकं पुढं एका अनोळखी माणसाशेजारी. आई खिडकीबाहेर बघत होती. कात्रजचा बोगदा गेला. मी विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"झऱ्यावरनं क्यान भरून न्हेताना बघितलं व्हतं. मला वाटलं, पाव्हण्याला पाणी आवडलं."

शिरवळच्या थांब्यावर बाबा उतरले. थोड्या वेळानं आमच्या खिडकीखाली आले, हातात चहाचे दोन कप. ते त्यांनी वर धरले. उभं राहायला त्यांना एसटीच्या पत्र्याला खांदा टेकावा लागत होता.

"गावात काही बोलायचं नाही," ते म्हणाले.

"कशाचं?" आईनं कप घेत विचारलं.

"मी घेतली, त्याचं."

"त्याचं कोण बोलतंय. मीबी घेतलीया." आईनं चहा फुंकला. "पर ग्रामसभेत त्यांचा कागद येणार. त्याच्या विरोधात तुम्ही बोला. तुम्ही न्हाई बोलला तर मी बोलीन. आणि मी बोलाया उभी राहिले तर मला कुठं थांबायचं ते कळत न्हाई, तुम्हाला ठावं हाय."

कंडक्टरनं घंटी दिली. बाबा तसेच उभे होते. मग वळून बसमध्ये चढले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. ते पुढं कऱ्हाडपर्यंत अगदी ताठ बसले होते.

ग्रामसभा तीन आठवड्यांनी भरली, मारुतीच्या देवळापुढं. तोवर आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होत होतं. दिलीपरावांची माणसं मधल्या काळात गावात फिरून गेली होती, तरुण मंडळाला कबड्डीचे ड्रेस मिळाले होते आणि चाळीस नोकऱ्यांच्या एव्हाना ऐंशी झाल्या होत्या. ग्रामसेवकानं अर्ज वाचून दाखवला. 'स्थानिक जलस्रोत व धान्य यांवर आधारित पेयप्रकल्प.' शब्द न शब्द बाबांचा. सरपंचानं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. बाप्ये एकमेकांकडं बघत राहिले. आई बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं नुसता पदर खांद्यावरून पुढं घेतला, उठायच्या आधी घेते तसा.

बाबा उठले.

आजवरच्या त्यांच्या भाषणांत इतकं उत्तम भाषण मी ऐकलेलं नाही. त्यांनी अर्जातला एकेक शब्द उचलून फाडला. पेयप्रकल्प म्हणजे काय, हे नाव कुठल्या लबाडाच्या डोक्यातून निघालं, भाषेचा आडोसा करून गावात विष आणणारे हे कोण, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज खरोखर थरथरत होता. म्हणाले, मला आमिष दाखवलं गेलं. माझ्या घरापर्यंत, माझ्या लेकीपर्यंत ते आमिष आलं. मी ते लाथाडलं. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. शेवंता तर हुंदके देत होती.

"ज्याच्या ओठाला आयुष्यात एक थेंब शिवलेला नाही," बाबा म्हणाले, आणि इथं त्यांची नजर बायकांच्या रांगेवरून फिरत आमच्यापर्यंत आली, आई आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो तिथं, "तोच माणूस हे छातीवर हात ठेवून सांगू शकतो."

ते थांबले. भाषणातला थांबा असतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

आईनं मला कोपरानं ढोसलं. मी टाळी वाजवली. मग बायकांनी वाजवली, मग बाप्यांनी, मग सगळ्या गावानं, आणि ठराव एकमुखानं फेटाळला गेला. सरपंचांनी तिथल्या तिथं शाल मागवून बाबांच्या खांद्यावर घातली. घरी जाताना मी आईला म्हणाले, "शाल तुझी होती."

"मला काय करायचीया," आई म्हणाली. "हितं उकडून जीव चाललाय."